बी की पान? हेम्पची बाटली घेण्याआधी लेबल कसं वाचायचं

सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हा प्रश्न हल्ली अधूनमधून येतोच. "गुडघ्यांसाठी ते हेम्पचं तेल चांगलं असतं म्हणे, कोणी वापरलंय का?" खाली उत्तरं सुरू होतात. एक काका लिहितात, अहो ते गांजाचं असतं, नसत्या भानगडीत पडू नका. कुणीतरी सांगतं, माझी भाची सॅलडवर घालते, काही होत नाही. मग एक लिंक येते. काळ्या काचेची बाटली, सोनेरी अक्षरं, हिरवं सात बोटांचं पान. या तिघांपैकी कुणीही चुकीचं बोलत नसेल, कारण ते बहुतेक तीन वेगवेगळ्या वस्तूंबद्दल बोलत असतात. झाड तेवढं एकच, भांग-गांजाचं, ज्याला इंग्रजीत हेम्प किंवा कॅनाबिस म्हणतात.

त्या झाडाचा कुठला भाग बाटलीत आहे, हे लेबलवर सगळ्यात आधी शोधायचं. बी की पान? आपल्याकडे कायदा, परवाना, डॉक्टरची गरज आणि शरीरावर होणारा परिणाम, हे सगळं या एका उत्तरावर अवलंबून आहे. हिरव्या पानाचं चित्र, 'नॅचरल', 'प्रीमियम', 'प्राचीन भारतीय' असले शब्द सोडून द्या. त्यांतून काहीही कळत नाही.

१९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यात, ज्याला आपण एनडीपीएस म्हणतो, गांजा म्हणजे या झाडाचे फुलोऱ्याचे किंवा फळधारणेचे शेंडे आणि चरस म्हणजे त्याची राळ. शेंड्यांसोबत नसलेली पानं आणि बिया गांजाच्या व्याख्येतून वगळल्या आहेत. आज दुकानात आणि ऑनलाइन जे काही उघडपणे विकलं जातं, ते याच फटीतून आलेलं आहे. बियांपासून केलेली वस्तू खाद्यपदार्थ ठरते आणि तिच्यावर अन्नसुरक्षा प्राधिकरणाची नजर असते. पानांपासून केलेली वस्तू आयुर्वेदिक औषध म्हणून येते, तिथे पानाचं नाव विजया, आणि उत्पादकाला राज्याच्या औषध परवाना अधिकाऱ्याकडून परवाना घ्यावा लागतो. नुसती भांग मात्र महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली येते. परवान्याशिवाय ती बाळगणं किंवा विकणं गुन्हा आहे, शिवरात्र असो की होळी. रस्त्यावरच्या पुडीवर लेबलच नसतं, त्यामुळे तिच्याबद्दल इथे सांगण्यासारखं काही नाही.

बियांचं प्रकरण सोपं आहे

हेम्पच्या बिया, त्यांचं तेल आणि पीठ यांना अन्नसुरक्षा प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२१ मध्ये खाद्यपदार्थ म्हणून नियमांत जागा दिली. पाकिटावर प्राधिकरणाचा १४ आकडी परवाना क्रमांक, शाकाहाराचं हिरवं चिन्ह, पोषणमूल्यांचा तक्ता, वापरण्याची मुदत या नेहमीच्या गोष्टी असतात. नशा आणणाऱ्या टीएचसी या घटकावर मर्यादा आहे: बियांमध्ये किलोला जास्तीत जास्त ५ मिलिग्रॅम, तेलात १० मिलिग्रॅम. इतक्या प्रमाणात सॅलड खाऊन कुणाला काही चढत नाही. भाची खरं सांगत होती.

पण बियांचं तेल सांधेदुखीवर उपाय म्हणून विकलं जातं तेव्हा सावध व्हा. बीमध्ये प्रथिनं असतात, चांगली स्निग्धाम्लं असतात. ज्या सीबीडी नावाच्या, नशा न आणणाऱ्या घटकाची एवढी जाहिरात होते, तो बीमध्ये जवळपास नसतोच. पुढे मोठ्या अक्षरांत 'हेम्प ऑइल' आणि मागे घटकांत 'हेम्प सीड ऑइल, १०० टक्के' असं असेल, तर ते स्वयंपाकघरातलं तेल आहे, चवीला अक्रोडाच्या जवळ जाणारं. औषधाच्या किमतीला ते घेऊ नये. साबण, क्रीम, शाम्पू यांच्यातही बहुतेक हेच तेल असतं आणि त्वचा मऊ ठेवण्याचं काम ते बऱ्यापैकी करतं, त्यापलीकडे अपेक्षा नको.

पानांची बाटली

खरी गुंतागुंत इथे आहे. दादरला एखाद्या आयुर्वेदिक औषधांच्या दुकानात उभं राहून अशी बाटली हातात घेतली, तर पहिली अडचण दिसण्याची असते. तीस मिलिलिटरची बाटली म्हणजे जेमतेम मधल्या बोटाएवढी, तिच्या गोल अंगावर मुंगीएवढी अक्षरं, आणि बॅच क्रमांक शाईने मारलेला, तोही तेलाचा हात लागून अर्धा पुसलेला. म्हणून बाटलीऐवजी तिचा खोका मागा आणि मोबाइलने मागच्या बाजूचा फोटो काढून मोठा करून वाचा. दुकानदार घाई करत असेल तर करू द्या.

आयुर्वेदिक औषधांचं लेबल कसं असावं, हे औषध नियमावलीच्या १६१ व्या नियमात आहे. घटकांची खरी यादी, वनस्पतींची शास्त्रीय नावं आणि वनस्पतीचा कुठला भाग वापरला हे लिहिलेलं असलं पाहिजे. 'कॅनाबिस सटायव्हा' असं लिहिलंय आणि पुढे 'पान' किंवा 'पत्र' आहे का, बघा. सोबत उत्पादकाचं नाव-पत्ता, उत्पादन परवान्याचा क्रमांक, बॅच, उत्पादनाची तारीख, मुदत आणि 'आयुर्वेदिक औषध' हे शब्द. इथे एक फरक लक्षात ठेवा. 'मार्केटेड बाय' समोर अंधेरीचा किंवा लोअर परळचा पत्ता असेल, पण परवाना असतो 'मॅन्युफॅक्चर्ड बाय' समोरच्या कारखान्याचा, आणि तो बऱ्याचदा भलत्याच राज्यात असतो. क्रमांक तपासायचा तो त्याचा. 'आयुष मंत्रालय मान्यताप्राप्त' या शिक्क्याला भुलू नका. मंत्रालय एकेका उत्पादनाला मान्यता देत नाही, परवाना राज्याचा असतो.

याच नियमावलीत ई-१ नावाची परिशिष्ट यादी आहे, विषारी म्हणून गणल्या जाणाऱ्या आयुर्वेदिक द्रव्यांची. बचनाग, धोत्रा, अफू यांच्या रांगेत भांगही आहे, बिया वगळून. या यादीतलं द्रव्य पोटात घ्यायच्या औषधात असेल, तर 'वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे' हा इशारा इंग्रजी आणि हिंदीत ठळक छापणं बंधनकारक आहे. विजयाच्या बाटलीवर हा इशारा नसेल तर ती तिथेच परत ठेवावी. विक्रेत्याने पुढे कितीही कागद दाखवले तरी.

ही यादी वाचली की जुन्या ओळखीच्या औषधांकडेही पुन्हा बघावंसं वाटतं. पोटाच्या तक्रारींवर घरोघरी दिल्या गेलेल्या जातीफलादि चूर्णाच्या मूळ पाठात भांग आहे, आणि भरपूर आहे. काही कंपन्या ती न घालता चूर्ण करतात. डबीवरची घटकांची यादी न वाचता 'आयुर्वेदिकच आहे' म्हणून आजोबांना दोन चमचे देणाऱ्यांना हे बहुधा माहीत नसतं.

१५०० मिलिग्रॅम कशाचे?

बाटलीवर पुढे मोठा आकडा असतो. समजा, '१५०० मिलिग्रॅम'. वाचणाऱ्याला वाटतं, १५०० मिलिग्रॅम सीबीडी. बऱ्याचदा ते १५०० मिलिग्रॅम असतात विजया अर्काचे, म्हणजे पानांतून काढलेल्या दाट चिकट द्रव्याचे. त्यात सीबीडी, टीएचसी, मेण, हरितद्रव्य असं सगळंच येतं. बाकीची बाटली तीळतेलाने किंवा नारळापासून काढलेल्या पातळ तेलाने भरलेली असते.

हिशोब करून बघू. बाटली ३० मिलिलिटरची, अर्क १५०० मिलिग्रॅम. म्हणजे एका मिलिलिटरला ५० मिलिग्रॅम अर्क. ड्रॉपरच्या एका मिलिलिटरमध्ये ढोबळमानाने २० थेंब धरले, तर थेंबाला अडीच मिलिग्रॅम अर्क. आता मागे लिहिलंय की अर्कात ४० टक्के सीबीडी आणि १० टक्के टीएचसी आहे. म्हणजे अख्ख्या बाटलीत सीबीडी ६०० मिलिग्रॅम, टीएचसी १५०. एका थेंबात सीबीडी एक मिलिग्रॅम, टीएचसी पाव मिलिग्रॅम. दहा थेंब घेतले की सीबीडी दहा आणि टीएचसी अडीच.

हा अडीचचा आकडा किरकोळ वाटतो. परदेशात डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळणारं ड्रोनॅबिनॉल हे टीएचसीचंच औषध आहे आणि त्याची सर्वांत लहान कॅप्सूल अडीच मिलिग्रॅमची असते. म्हणजे सत्तरीतल्या बाईंनी गुडघ्यासाठी रात्री दहा थेंब घेतले, तर त्यांनी एका खऱ्या औषधाची खरी मात्रा घेतली. तोंड कोरडं पडणं, छाती धडधडणं, उठताना चक्कर, रात्री बाथरूमला जाताना तोल जाणं. गुडघ्याचं दुखणं परवडलं, खुब्याचं हाड मोडलेलं परवडत नाही.

सीबीडीच्या बाजूने उलटा घोटाळा आहे. जाहिरातीत म्हणतात, सीबीडीवर जगभर संशोधन झालंय. झालंय. अमेरिकेत जून २०१८ मध्ये फिट्सच्या दोन दुर्मीळ आणि गंभीर आजारांसाठी शुद्ध सीबीडीचं औषध मंजूर झालं. त्यात दिवसाला वजनाच्या दर किलोमागे १० मिलिग्रॅम ही नेहमीची मात्रा आहे. ६० किलोच्या माणसाला ती लावली तर दिवसाला ६०० मिलिग्रॅम, म्हणजे आपल्या हिशोबातली अख्खी बाटली एका दिवसात. त्या संशोधनाचा दाखला देऊन दहा थेंबांची बाटली विकणं मला तरी प्रामाणिक वाटत नाही.

काही लेबलांवर नुसतं प्रमाण असतं, '१:१' किंवा '४:१'. साधारणपणे पहिला आकडा सीबीडीचा आणि दुसरा टीएचसीचा, पण सगळेच तसं लिहीत नाहीत, तेव्हा शब्दांत लिहिलेलं शोधा. प्रमाणावरून मात्रा कळत नाही. १:१ ची सौम्य बाटलीही असते आणि जबरदस्तही. 'फुल स्पेक्ट्रम' म्हणजे टीएचसीसकट सगळं, 'ब्रॉड स्पेक्ट्रम' म्हणजे टीएचसी काढून टाकल्याचा दावा, 'आयसोलेट' म्हणजे एकटा सीबीडी. नोकरीच्या ठिकाणी लघवीची तपासणी होत असेल, जहाजावर किंवा विमान कंपनीत काम करत असाल, तर फुल स्पेक्ट्रम घेण्याआधी दहा वेळा विचार करा. टीएचसीचे अंश लघवीत कितीतरी दिवस सापडतात. आणि नशेत गाडी चालवण्याचं कलम दारूपुरतं नाही, त्यात अमली पदार्थही आहेत.

'टीएचसी ०.३ टक्क्यांपेक्षा कमी' ही ओळही सगळीकडे दिसते. ही रेषा अमेरिकेच्या २०१८ च्या शेतीविषयक कायद्यातून प्रसिद्ध झाली. आपल्याकडे उत्तराखंडाने औद्योगिक हेम्पच्या लागवडीसाठी तीच ठेवली. एनडीपीएसमध्ये मात्र गांजाची व्याख्या टक्क्यांवर नाही, झाडाच्या भागावर आहे. शिवाय ३० मिलिलिटर तेलाचं ०.३ टक्के म्हणजे जवळपास ८० मिलिग्रॅम टीएचसी. याला शून्य म्हणत नाहीत.

रिपोर्ट मागा, आणि त्याच बॅचचा मागा

बाटलीवर क्यूआर कोड असतो. तो उघडला की प्रयोगशाळेचा अहवाल यायला हवा. बरेचदा कंपनीचं मुखपृष्ठ येतं, किंवा अहवाल येतो तो दीड वर्षापूर्वीच्या दुसऱ्याच बॅचचा. बाटलीवरचा बॅच क्रमांक आणि अहवालावरचा क्रमांक एक असला पाहिजे. प्रयोगशाळा एनएबीएलची, म्हणजे प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची, मान्यता असलेली हवी, आणि ती कंपनीच्या स्वतःच्या गोदामातली नको. एककांकडे लक्ष द्या: कुठे टक्के, कुठे मिलिग्रॅम प्रति ग्रॅम. एक टक्का म्हणजे ग्रॅमला दहा मिलिग्रॅम.

सीबीडी-टीएचसीच्या तक्त्याखाली जड धातूंचा तक्ता असतो. लोक तो बघत नाहीत, पण मला तो जास्त महत्त्वाचा वाटतो. हे झाड जमिनीतले धातू ओढून घेण्यात इतकं पटाईत आहे की चेर्नोबिलच्या परिसरातली माती स्वच्छ करायला ते लावून बघितलं गेलं. कारखान्याशेजारच्या शेतात वाढलेल्या पानांत काय येईल, याचा अंदाज करा, आणि अर्क काढताना ते आणखी दाट होऊ शकतं. आयुर्वेदिक औषधांसाठीच्या मर्यादा अशा: शिसं १० पीपीएम (म्हणजे दहा लाख भागांत १०), अर्सेनिक ३, पारा १, कॅडमियम ०.३. अहवालात हे चारही हवेत. कीटकनाशकं आणि अर्क काढायला वापरलेल्या रसायनाचे अवशेष हेही असतील तर उत्तम.

इतकं कशाला, असं वाटत असेल तर अमेरिकेतला एक दाखला आहे. ऑनलाइन विकल्या जाणाऱ्या ८४ सीबीडी उत्पादनांची तपासणी करून २०१७ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. लेबलवरच्या आकड्याच्या दहा टक्के आत-बाहेर सीबीडी सापडला फक्त २६ मध्ये. आणि १८ मध्ये टीएचसी निघाला.

कर्करोग, मधुमेह, अपस्मार बरा करण्याचा दावा दिसला की बाकी काही वाचायची गरज नाही. अशा आजारांच्या उपचाराची जाहिरात करायला औषधं आणि चमत्कारी उपचारांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्धच्या १९५४ च्या कायद्याने बंदी आहे. जो एवढा कायदा पाळत नाही, त्याने मिलिग्रॅम नीट मोजले असतील यावर कशाला विश्वास ठेवायचा?

लेबलवर न मावणारी एक गोष्ट म्हणजे तुमची बाकीची औषधं. सीबीडी यकृतातल्या अशा विकरांना (एन्झाइमना) अडवतो, जी इतर बरीच औषधं पचवतात. रक्त पातळ ठेवणारं वॉरफरिन आणि फिट्ससाठीचं क्लोबाझाम यांची रक्तातली पातळी त्यामुळे वाढू शकते. संकेतस्थळावर पत्ता भरण्याआधी दोन-चार मिनिटांचा व्हिडिओ कॉल होतो, वैद्य 'कुठे दुखतं?' विचारतात आणि चिठ्ठी येते. त्यांनी तुमच्या गोळ्यांची नावं विचारली नाहीत, तर तुम्हीच वाचून दाखवा. तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांनाही सांगा, ते रागावतील ही भीती ठेवू नका. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी, घरात मनोविकाराचा इतिहास असलेल्यांनी यापासून लांब राहावं.

टोरंटोहून, कॅलिफोर्नियाहून, बँकॉकहून

मुंबईतल्या कितीतरी घरांतली मुलं अशा ठिकाणी आहेत जिथे हे दुकानात कायदेशीर मिळतं. आईवडील भेटायला जातात, फ्रिजमध्ये चॉकलेट दिसतं. तिथल्या लेबलची गोम वेगळी आहे. कॅनडात खाण्याच्या वस्तूच्या अख्ख्या पाकिटात मिळून टीएचसी जास्तीत जास्त १० मिलिग्रॅम असू शकतो. कॅलिफोर्नियात एका तुकड्यात १० आणि पाकिटात १००. दिसायला सारखीच चॉकलेटं, फरक दहापट. खाल्लेल्या टीएचसीचा असर यायला अर्धा तास ते दोन तास लागतात, आणि 'काहीच होत नाहीये' म्हणून दुसरा तुकडा तोंडात टाकणारे नंतर इस्पितळात पोचतात.

कॅनडातल्या फुलांच्या डबीवर दोन आकडे असू शकतात. 'टीएचसी ८ मिलिग्रॅम प्रति ग्रॅम' आणि खाली 'एकूण टीएचसी २२० मिलिग्रॅम प्रति ग्रॅम'. पहिला वाचून सौम्य समजू नका. ताज्या झाडात टीएचसी बहुतांशी आम्लाच्या रूपात असतो, ज्याने नशा येत नाही. उष्णता लागली की त्यातून कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि खरा टीएचसी उरतो. म्हणून आम्लाच्या आकड्याला ०.८७७ ने गुणून तो आधीच्या टीएचसीमध्ये मिळवतात. २२० म्हणजे २२ टक्के, आणि तोच खरा.

थायलंडने जून २०२२ मध्ये झाड अमली पदार्थांच्या यादीतून काढलं आणि २०२५ मध्ये फुलांच्या विक्रीसाठी पुन्हा डॉक्टरची चिठ्ठी आवश्यक केली. बँकॉकहून उतरणाऱ्या प्रवाशांच्या बॅगांतून हायड्रोपोनिक, म्हणजे मातीशिवाय पाण्यात वाढवलेला, गांजा सापडल्याच्या बातम्या मुंबई विमानतळावरून सतत येत असतात. टीएचसी घातलेल्या गमीची, म्हणजे चघळायच्या मऊ गोळ्यांची, छोटी बरणी 'मित्रांसाठी' आणणाऱ्याला वाटतं, त्यात टीएचसी असून असून किती असणार. कायद्यात गांजाच्या आणि चरसच्या मिश्रणालाही तोच नियम लागू आहे, आणि वजन करताना मिसळलेला निरुपद्रवी पदार्थही धरायचा, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये दिला आहे. म्हणजे बरणीतल्या साखरेचंही वजन होणार. टोरंटोच्या दुकानाची पक्की पावती, त्यावरचा कर आणि सरकारी शिक्का कस्टमच्या टेबलावर उपयोगाचा नाही.